मोफत, कायदेशीर आणि कानाला नवं: प्रायोगिक संगीत कुठे मिळतं आणि कसं ऐकायचं

इंटरनेटवर फुकट मिळणारं संगीत म्हणजे चोरीचा माल, असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि तो उगाच झालेला नाही. एका सीडीत दीडशे गाणी भरून विकणारे ठेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. आज त्यांची जागा ‘व्हिडिओची लिंक टाका, एमपी३ घ्या’ म्हणणाऱ्या साइट्सनी घेतली आहे. तिथून घेतलेलं गाणं कायद्यात बसत नाही, शिवाय गाण्याबरोबर फोनमध्ये आणखी काय शिरेल याचा भरवसा नाही. पण याच इंटरनेटवर असंही भरपूर संगीत आहे, जे कलाकाराने स्वतः, समजून-उमजून, लेखी परवानगी देऊन मोकळं ठेवलंय. त्यात प्रायोगिक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा वाटा फार मोठा आहे. बडोद्यात वाढलेल्या, थोडंफार शास्त्रीय कानावर पडलेल्या माणसाला हे संगीत परकं वाटायचं काहीच कारण नाही, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

आधी हे संगीत म्हणजे नेमकं काय ते पाहू. १९४८ साली पॅरिसमध्ये रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी रेल्वे स्टेशनवर जाऊन इंजिनांचे, डब्यांचे, शिट्ट्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि ते कापून, फिरवून, पुन्हा पुन्हा वाजवून त्यांची एक रचना केली. वाद्य नाही, गायक नाही, सगळं काही ध्वनिमुद्रणातून. पुढे १९५१ मध्ये जर्मनीत कोलोनच्या रेडिओ केंद्रात एक स्टुडिओ उभा राहिला. तिथे दुसरी वाट धरली गेली: बाहेरचा आवाज घ्यायचाच नाही, विजेच्या उपकरणातून स्वर निर्माण करायचा. आजचं बहुतेक इलेक्ट्रॉनिक संगीत या दोन वाटांच्या मिसळणीतून आलेलं आहे. एकीकडे जगातला सापडलेला आवाज, दुसरीकडे यंत्रात घडवलेला. नाचायचं टेक्नो असो, संथ अँबियंट असो की कानाला टोचणारं नॉइज, मुळं तीच.

आणि हे सगळं युरोपातच घडलं असंही नाही. बडोद्याहून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे मोग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर निर्माण करणारं यंत्र, बसवून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी त्यावर काम केलं. या गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तिथे त्यांनी जॉन केज या अमेरिकन प्रायोगिक संगीतकाराला भारतीय संगीत शिकवलं आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं. मन शांत, स्थिर करणं हा संगीताचा हेतू, हे आपल्या गुरूंचं म्हणणं त्यांनी केज यांना सांगितलं आणि केज यांनी ते आयुष्यभर जपलं. एनआयडीतल्या टेप्स पुढे कित्येक वर्षं संस्थेतच पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचनांचा अल्बम निघाला. तो मोफत नाही, विकत घ्यावा लागतो आणि घ्यावाच. पण आपल्या शेजारच्या शहरात पन्नास वर्षांपूर्वी हे चाललं होतं, हे एकदा कळलं की ‘आपल्याला हे जमणार नाही’ हा संकोच बराच कमी होतो.

फुकट का देतात?

याचं उत्तर संगणकाच्या इतिहासात आहे. १९८७ साली अमिगा नावाच्या घरगुती संगणकासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर हा प्रोग्रॅम आला. त्यात केलेल्या संगीताची फाइल अगदी लहान असायची. कारण तिच्यात पूर्ण ध्वनिमुद्रण नसायचं. आवाजाचे छोटे छोटे तुकडे असायचे आणि कोणता तुकडा कधी, कोणत्या पट्टीत वाजवायचा याच्या सूचना असायच्या. टेलिफोनच्या तारेवरून संथपणे चालणाऱ्या त्या काळच्या नेटवर्कवरही अशी फाइल पाठवता यायची. पोरं एकमेकांना आपली कामं पाठवायची, दुसऱ्याची फाइल उघडून त्याने काय केलंय ते शिकायची. पैशाचा प्रश्नच नव्हता. ‘मॉड आर्काइव्ह’ या साइटवर अशा फाइल्स आजही मिळतात आणि व्हीएलसीसारख्या साध्या प्लेअरवर वाजतात.

याच मंडळींतून नव्वदच्या दशकात नेटलेबलं निघाली. नेटलेबल म्हणजे कॅसेट कंपनीसारखंच, पण दुकान नाही, गोदाम नाही, छापील कव्हर नाही. कोणीतरी एक जण आवडीने कलाकार निवडतो, अल्बमला क्रमांक देतो, मुखपृष्ठ करतो आणि सगळं मोफत डाउनलोडला ठेवतो. मोनोटोनिक हे त्यातलं जुनं नाव, १९९६ पासूनचं. पोर्तुगालचं इनफ रेकॉर्ड्स, रशियाचं क्लिनिकल आर्काइव्हज, संथ आणि गडद ध्वनींसाठी वेब्ड हँड, अशी कितीतरी. यातल्या बऱ्याच जणांचं काम थांबलंय, पण अल्बम जागेवर आहेत. या प्रकारच्या संगीताच्या हजार सीडी छापून खपतील अशी आशा कोणालाच नसते. मग गठ्ठे घरात ठेवून धूळ खाऊ देण्यापेक्षा, ज्याला ऐकायचंय त्याच्यापर्यंत ते पोचावं, हा सरळ हिशेब आहे. उपकार नाही आणि फसवणूकही नाही.

परवानगीची ओळ

आता मुख्य मुद्दा. कायद्याने पाहिलं तर कोणतीही रचना तयार झाली की तिच्यावर कॉपीराइट आपोआप लागतो. कलाकाराने काही लिहिलं नसेल तर सगळे हक्क त्याचेच. म्हणून ‘मोकळं’ म्हणायला काहीतरी लेखी लागतं. हे लेखी देणं सोपं व्हावं म्हणून २००१ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था सुरू झाली आणि डिसेंबर २००२ मध्ये तिचे पहिले परवाने आले. आज मुख्य सहा परवाने आहेत आणि ते चार अटींच्या जुळवणीतून होतात. ‘बाय’ म्हणजे माझं नाव द्या. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी वापरू नका. ‘एनडी’ म्हणजे बदल करून पुढे देऊ नका. ‘एसए’ म्हणजे बदल करा, पण तुमचं कामही याच अटीवर मोकळं ठेवा. शिवाय ‘सीसी झिरो’ आहे. त्यात कलाकार शक्य तेवढे सगळेच हक्क सोडून देतो.

नुसतं ऐकायचं असेल तर या सहाही परवान्यांत डाउनलोड करायला, मित्राला पेनड्राइव्हवर द्यायला हरकत नाही. अडचण येते ती वापरायची वेळ आली की. आमच्या शेजारची मुलगी फाइन आर्ट्सला आहे. तिने एकदा विचारलं, “काका, हा ट्रॅक क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे, शॉर्ट फिल्मला लावू ना?” मी परवाना बघितला, तर तो एनडीचा. म्हटलं, “हा नको गं, दुसरा शोध.” तिचं म्हणणं होतं की मी तर सूरही बदलत नाहीये, आहे तसाच लावतेय. पण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत स्पष्ट म्हटलंय की चित्राच्या हालचालीशी जुळवून संगीत लावणं हा बदलच धरला जातो. एनडी असेल तर फिल्मला लावून ती लोकांत आणता येत नाही. एसए असेल तर तिची फिल्मही त्याच परवान्याखाली द्यावी लागेल. नवरात्रात रील्स करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. दुकानाच्या जाहिरातीला एनसीचा ट्रॅक चालत नाही, मग दुकान कितीही छोटं असो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. हे परवाने एकदा दिले की मागे घेता येत नाहीत. कलाकाराने नंतर साइटवरून ट्रॅक काढला, तरी तुम्ही आधी घेतलेली प्रत त्या परवान्याखालीच राहते. मात्र तसा परवाना होता, हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून मी डाउनलोड करताना त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवतो.

कुठे जायचं

पहिलं ठिकाण इंटरनेट आर्काइव्ह. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली ही ना-नफा संस्था आहे. तिथे ‘नेटलेबल्स’ नावाचा संग्रहच आहे आणि हजारो अल्बम त्यात आहेत. एखादा अल्बम उघडला की वर प्लेअर दिसतो, खाली कलाकाराचं नाव, तारीख, विषय आणि वापराच्या हक्काची ओळ. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना दिसला पाहिजे. त्यावर क्लिक केलं की अटी साध्या भाषेत उघडतात. बाजूला ‘डाउनलोड ऑप्शन्स’ असतात. त्यात एमपी३, ऑग व्हॉर्बिस, असेल तर फ्लॅक (हे आवाजाच्या फाइलचे प्रकार), शिवाय टॉरेंटही. टॉरेंट शब्द पाहून दचकू नका. ती फक्त फाइल आणण्याची पद्धत आहे. आतला माल कायदेशीर असेल तर टॉरेंटही कायदेशीर.

पण आर्काइव्हवर आहे म्हणजे मोकळंच आहे, असं धरून चालू नका. तिथल्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांच्या संग्रहावरून मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी २०२३ मध्ये दावा लावला होता, तो पुढे तडजोडीने मिटला. म्हणून प्रत्येक पानावर परवान्याची ओळ शोधायची. ती नसेल तर ऐका, पण वापरू नका. आणि आवडलेलं उतरवून ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला तेव्हा ते काही दिवस बंदच होतं. ज्यांच्याकडे प्रत होती, त्यांचं ऐकणं अडलं नाही.

दुसरं, फ्री म्युझिक आर्काइव्ह. न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्राने ते २००९ मध्ये सुरू केलं. २०१८ मध्ये ते बंद पडायच्या बेताला आलं होतं, २०१९ पासून ते नेदरलँड्सच्या एका कंपनीकडे आहे. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, कारण इथे प्रकारांची वाटणी चांगली आहे. ‘एक्सपेरिमेंटल’ उघडलं की ड्रोन (लांब धरलेले स्वर), फील्ड रेकॉर्डिंग (बाहेर जाऊन मुद्रित केलेले आवाज), नॉइज, म्युझिक काँक्रेट (शेफर यांची वाट) असे पोटविभाग दिसतात. ‘इलेक्ट्रॉनिक’मध्ये अँबियंट, ग्लिच (यंत्राच्या बिघाडाच्या आवाजांतून केलेलं संगीत) वगैरे. प्रत्येक ट्रॅकजवळ परवाना लिहिलेला असतो.

तिसरं, बँडकॅम्प. २००८ पासूनची ही बाजारपेठ आहे आणि इथे कलाकार स्वतः किंमत ठरवतो. काही अल्बमांवर ‘नेम युवर प्राइस’ असं असतं. तिथे शून्य लिहिलं तरी अल्बम मिळतो आणि ते पूर्ण कायदेशीर आहे, कारण कलाकारानेच किमान किंमत शून्य ठेवलेली असते. मात्र बँडकॅम्प कलाकाराला महिन्याला ठरावीकच मोफत डाउनलोड देतं, साधारण दोनशे. ते संपले की कलाकाराला आणखी विकत घ्यावे लागतात. काल मोफत असलेला अल्बम आज तसा दिसला नाही, तर कारण बहुधा हे असतं. म्हणून एकदा शून्यात घेऊन ऐकलेला अल्बम मनात राहिला, तर दुसरा पैसे देऊन घ्यावा. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प १५ टक्के ठेवतं, कलाकाराची विक्री वाढली की १० टक्के. बाकी बहुतांश कलाकाराकडे जातं. इथे पानाच्या खाली ‘ऑल राइट्स रिझर्व्ड’ किंवा ‘सम राइट्स रिझर्व्ड’ असं बारीक लिहिलेलं असतं. पहिलं असेल तर डाउनलोड मोफत असूनही ते फक्त तुमच्या ऐकण्यासाठी आहे. मोफत आणि मोकळं यातला फरक इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

लेबलं आणि हौशी कलाकार सोडा, मोठ्या नावांनीही हे केलंय. नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडने २००८ मध्ये ३६ वाद्यरचनांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली काढला. पहिल्या नऊ मोफत, पूर्ण संच पाच डॉलरला. परवान्यानुसार विकत घेणारा तो मित्रांना मोफत देऊ शकत होता. तरीही त्या वर्षी अ‍ॅमेझॉनवर सर्वाधिक खपलेला एमपी३ अल्बम तोच ठरला.

ऐकायचं कसं

इथेच लोक थांबतात. चाळीस मिनिटांचा ट्रॅक लावला, पहिल्या मिनिटात ‘काहीच होत नाही’ म्हणून बंद केला, संपलं. मी सांगतो, सुरुवात ड्रोन संगीतापासून करा, कारण त्याची तयारी आपल्या कानांची आधीच झालेली आहे. ड्रोन म्हणजे एक किंवा दोन-तीन स्वर बराच वेळ धरून ठेवणं आणि त्यांच्या आत काय बदलतं ते ऐकणं. तानपुरा लावताना दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, की आवाजात एक हेलकावा ऐकू येतो. एक तार सेकंदाला २२० कंपनांची आणि दुसरी २२२ ची असेल, तर सेकंदाला दोन हेलकावे. तार चढवत नेली की हेलकावा संथ होतो आणि जुळल्यावर नाहीसा होतो. शिकणाऱ्याने तो ऐकून पुसून टाकायचा असतो. ड्रोनचे संगीतकार तोच हेलकावा मुद्दाम ठेवतात, त्याला संथ करतात, दोन-तीन हेलकावे एकमेकांवर चढवतात. पूर्ण रचना त्यावर उभी असते. फ्रान्सच्या एलियान रादिग यांनी सिंथेसायझरवर वर्षानुवर्षं हेच सूक्ष्म काम केलं. हा हेलकावा कानाने एकदा पकडला की ‘काहीच होत नाही’ असं म्हणवत नाही, इतकं काही होत असतं.

आपल्या शहराला संथ विस्ताराची सवय आहे. उस्ताद फैयाज खाँ इथल्या दरबाराचे गायक, त्यांची नोमतोम आलापी ऐकत इथल्या पिढ्या वाढल्या. ताल नाही, शब्द नाहीत, एका स्वरावर रेंगाळणं, तो स्वर वेगवेगळ्या बाजूंनी दाखवणं. अँबियंट संगीताला लागणारा संयम तोच आहे. फरक एवढाच की तिथे पुढे बंदिश येईल अशी वाट पाहायची नाही.

मात्र हे संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ उमटतच नाहीत, आणि ड्रोनचा सगळा जीव खालीच असतो. साधा तारेचा हेडफोन पुरतो. फाइल घेताना जागा असेल तर फ्लॅक घ्या. सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी घेतो. फ्लॅक त्यातलं काहीही न गमावता साधारण अर्ध्यात बसवतो. ३२० केबीपीएसचा एमपी३ मिनिटाला २.४ एमबीच्या आसपास घेतो आणि तो कानाला कमी जाणवणारे तपशील वगळतो. गाण्यांत हे सहसा कळत नाही. नॉइज आणि ड्रोनमध्ये मात्र हलक्या प्रतीचा एमपी३ लगेच पाण्यातल्यासारखा घुळघुळीत वाटतो, कारण तिथे तपशील हेच संगीत असतं.

फैयाज खाँचा विषय निघालाच आहे तर जुन्या रेकॉर्डांबद्दलही थोडं. भारतात ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. खाँसाहेब १९५० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क त्यामुळे भारतात कधीच संपला आहे आणि आर्काइव्हवरून त्या घ्यायला इथे अडचण नाही. रेडिओचं एखादं ध्वनिमुद्रण मागाहून पहिल्यांदा प्रकाशित झालं असेल, तर मुदत त्या प्रकाशनापासून मोजायची. आणि चाल किंवा शब्द कोणा आधुनिक रचनाकाराचे असतील तर त्यांचा हक्क वेगळा, रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंतचा. पारंपरिक बंदिशीला ही अडचण नाही. जुनी तबकडी आणि ड्रोन यांची मिसळ करून काही नवं करायचं असेल त्याच्यासाठी हा फार मोठा, मोकळा साठा आहे. मला वाटतं, बडोद्याच्या पोरांनी याकडे वळावं.

आणि आपणही द्यावं

घेता घेता काहीतरी द्यावंसं वाटतंच. त्यासाठी वाद्य यायला हवं असं नाही. बार्सिलोनाच्या पोंपेऊ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये फ्रीसाउंड सुरू केलं. तिथे लोक सुटे आवाज अपलोड करतात: पाऊस, दार, बाजार, यंत्र. संगीतकार ते आवाज घेऊन रचना करतात. बडोद्याचे कितीतरी आवाज तिथे जायला हवेत. मांडवीतली सकाळची वर्दळ, न्यायमंदिराजवळची भाजीची हाळी, कमाटीबागेतल्या झाडांवर संध्याकाळी उतरणारे पक्षी, विसर्जनाच्या मिरवणुकीतला ढोल लांबून येताना आणि जवळून जाताना. गायकवाडांच्या राज्यात डभोईला १८६२ मध्ये नॅरोगेज रेल्वे आली, देशातली पहिली. तिच्या बऱ्याच मार्गांचं आता ब्रॉडगेज झालंय आणि जुन्या गाडीचा खडखडाट ज्यांनी मुद्रित केला नाही त्यांना तो परत मिळणार नाही.

करायचं सोपं आहे. फोनवरच्या रेकॉर्डरमध्ये शक्यतो एमपी३ न निवडता वेव्ह, म्हणजे आवाजातलं काही न वगळणारा फाइल-प्रकार, निवडा. फोन हातात न धरता कट्ट्यावर ठेवा, हाताचा स्पर्शही ध्वनिमुद्रणात येतो. वाऱ्याकडे पाठ करा. किमान दोन मिनिटं न बोलता थांबा. अपलोड करताना जागा, तारीख, वेळ आणि कशाने मुद्रित केलं ते लिहा, आणि परवान्याच्या रकान्यात सीसी झिरो किंवा बाय निवडा. पाठीमागे एखाद्या दुकानातून सिनेमाचं गाणं वाजत असेल तर तो तुकडा टाकू नका. त्या गाण्याचा हक्क तुमचा नाही, आणि तुम्ही दिलेल्या परवान्याने तो मोकळा होत नाही. कोणाचं खाजगी बोलणं आलं असेल तर तेही कापा. मांडवीत मुद्रण करायला बहुधा पहाटे साडेपाच-सहाची वेळ बरी, तेव्हा दुकानांचे स्पीकर बंद असतात.